पैसे भरण्याआधीच माफी : ज्येष्ठांच्या उपचारांसाठी धावपळ करणाऱ्या नाशिककरांना

ज्येष्ठ नागरिक संघात, सोसायटीत किंवा स्वतःच्याच घरी म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्याची कामं तुमच्याकडे नव्यानं आली असतील, तर हे तुमच्यासाठी. नाशिकमध्ये वयस्कर माणसाचा उपचार मोफत किंवा कमी पैशांत होण्याचे चार-पाच रस्ते आज उघडे आहेत. तरी लोक दागिने मोडतात, द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन बिल भरतात. बहुतेक घरांत कारण एकच निघतं. माफीचा कागद काउंटरवर पोचतो तेव्हा पैसे भरून झालेले असतात, आणि एकदा भरलेले पैसे परत काढणं महाकठीण. म्हणून इथे सांगितलेली प्रत्येक गोष्ट डिपॉझिटच्या आधी करायची आहे.

आधी चार प्रश्न विचारा

पेशंटच्या नातेवाइकाचा फोन आला की "कुठल्या योजनेत बसेल?" याचं उत्तर लगेच देऊ नका. आधी विचारा: आधार कार्डावर वय किती? रेशनकार्ड आहे का, कुठल्या रंगाचं? पूर्वी नोकरी कुठे केली? आणि आत्ता डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलंय, गोळ्या-तपासण्या की ॲडमिट होऊन ऑपरेशन?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. केंद्राची आयुष्मान आणि राज्याची महात्मा फुले या दोन्ही आरोग्य योजना ॲडमिट होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहेत. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्यांसाठी आयुष्मान कार्ड घेऊन मेडिकलवर उभे राहणारे आजोबा मी नेहमी पाहते. कार्ड खरं असतं, पण त्या कामासाठी ते नसतं. रोजच्या गोळ्यांसाठी सरकारी ओपीडी किंवा जनऔषधी केंद्र, आणि ऑपरेशनसाठी कार्ड, अशी वाटणी डोक्यात पक्की असली की निम्मे हेलपाटे वाचतात.

पहिलं दार सरकारी रुग्णालयाचं

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. वयाची अट नाही, उत्पन्नाची नाही, रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नाही. केसपेपर, तपासण्या, ॲडमिशन, ऑपरेशन सगळं त्यात आलं. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय, आणि शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय ही दोन मोठी ठिकाणं. हृदय, किडनी, कॅन्सर अशा आजारांसाठी संदर्भ सेवा रुग्णालय. तिथे जाताना सिव्हिलची किंवा तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. जिल्ह्यात कळवण, निफाडसारखी उपजिल्हा रुग्णालयं, मालेगावचं सामान्य रुग्णालय, ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं याच निर्णयाखाली येतात. सुरगाण्याच्या आजींना साध्या तपासणीसाठी थेट नाशिकला आणायची गरज नसते, हे आपणच सांगायला हवं.

एक घोटाळा नेहमी होतो. महापालिकेची रुग्णालयं या निर्णयात नाहीत. नाशिकरोडचं बिटको, कथड्याचं झाकीर हुसेन ही पालिकेची. त्यांचे दर पालिका ठरवते. दर खासगीच्या मानानं फार कमी असतात, पण "सरकारी म्हणजे फुकट" असं पेशंटला सांगून तिथे पाठवलं तर तुमचा शब्द पडतो. तिथे केसपेपरच्या खिडकीवर ज्येष्ठांसाठी काय सवलत आहे ते विचारूनच पुढे जा.

सरकारी रुग्णालयात वॉर्डमध्ये कुणी "हे औषध बाहेरून आणा" म्हणालं तर चिठ्ठी घेऊन लगेच मेडिकलकडे पळू नका. आधी सिस्टरांना, मग निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांना शांतपणे विचारा: रुग्णालयाच्या स्थानिक खरेदीतून मिळेल का? आवाज चढवायचा नाही. वॉर्डात एका सिस्टरवर किती पेशंट असतात ते दिसत असतंच. पण विचारायचं मात्र नक्की.

रांगेबद्दलही बोलायला हवं. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्याच्या कलम २० मध्ये सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद आहे. ओपीडीच्या गर्दीत ती रांग दिसली नाही तर खिडकीवर विचारा. गुडघे धरून तासभर ताटकळलेला माणूस पुढच्या वेळी "नको, मेडिकलवाल्याकडूनच गोळी आण" असं म्हणतो, आणि पुढचं सगळं बिघडतं.

खेड्यातून येणाऱ्यांना एसटीचं आठवणीनं सांगा. ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं तिकीट. पेठ-नाशिक अशा फेऱ्या तपासणीसाठी वारंवार कराव्या लागतात तेव्हा हे पैसेही लहान नसतात.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी : वय वंदना कार्ड

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजना ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांसाठी खुली झाली. उत्पन्नाची अट नाही. कॉलेज रोडच्या बंगल्यातल्या निवृत्त प्राध्यापकालाही मिळते आणि फुलेनगरच्या आजीलाही. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार. घरात नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. पण कुटुंब आधीपासून आयुष्मानमध्ये असेल, तर सत्तरीपुढच्यांचे हे ५ लाख वेगळे असतात आणि त्यात मुला-नातवांचा वाटा नसतो. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. खासगी मेडिक्लेम असला तरी कार्ड काढता येतं. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असलेल्यांना मात्र दोन्हींतून एक निवडावं लागतं, आणि ती निवड एकदाच करता येते. देवळालीकडच्या माजी सैनिकांना घाईनं नोंदवून टाकू नका. आधी त्यांना घरी बसून दोन्ही योजना तोलू द्या.

कार्डासाठी लागतं ते आधार. खरी अडचण तिथेच येते.

कांद्याच्या खळ्यावर, द्राक्षाच्या बागेत हयात गेलेल्या बाईचा अंगठा मशीनवर उमटत नाही. बोटाच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. केंद्रावरचा मुलगा एक बोट, दुसरं बोट, मग दुसरा हात करून बघतो, मशीन लाल होतं, आणि मागची रांग कुरकुरायला लागते. आजींना वाटतं आपलंच काही चुकलं. त्या पदरानं अंगठा पुसत राहतात. अशा वेळी बोटाचा नाद सोडा आणि ओटीपीनं करायला सांगा. त्यासाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा, म्हणून कार्ड काढायला जाण्याच्या आठवडाभर आधी हा एक नंबर तपासा. पाच वर्षांपूर्वी बंद झालेलं सिम आधारला जोडलेलं असतं, हे घराघरांत दिसतं. नंबर जोडायला माणसाला आधार केंद्रावर स्वतः जावं लागतं. ओटीपीही जमत नसेल तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीची सोय आहे. चेहऱ्यासाठी टोपी, फेटा, चष्मा काढायला लावा, तोंडावर उजेड येईल असं बसवा, आणि पापण्या मिटायच्या की नाही हे आधीच सांगून ठेवा. मोतीबिंदू झालेल्यांचं डोळ्यांवर अडतं, चेहऱ्यावर जमून जातं.

वय आधारवर असेल तेच धरतात. पुष्कळांच्या आधारवर १ जानेवारी अशी अंदाजी तारीख पडलेली असते आणि खरं वय त्याहून जास्त असतं. शाळा सोडल्याचा दाखला किंवा दुसरा मान्य पुरावा असेल तर आधार दुरुस्त करून घ्या; नसेल तर सत्तरीचा हट्ट सोडून पुढच्या दाराकडे वळा.

आयुष्मानची हेल्पलाईन १४५५५ आहे. नोंदणी मोबाईलच्या ॲपवरूनही होते, पण पहिल्यांदा करताना सेवा केंद्रावर किंवा योजनेतल्या रुग्णालयात पेशंटच्या मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे करा. नावातली एखादी चूक तिथल्या तिथे लक्षात येते.

साठ ते सत्तर : महात्मा फुले योजना

सत्तरीच्या आतल्यांनी हताश व्हायचं कारण नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून वाढवलेल्या स्वरूपात चालू झाली. आता पांढऱ्या रेशनकार्डासह सगळे रेशनकार्डधारक तिच्यात आहेत आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पूर्वी ते दीड लाख होतं, म्हणून जुनी माहिती असलेले लोक अजूनही "आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काही नाही" म्हणून घरी बसतात. त्यांना शोधून काढा.

कागद दोनच: रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र. पण दोन्हींवरचं नाव जुळायला हवं. रेशनकार्डावर "सखुबाई" आणि आधारवर "सखूबाई रामभाऊ" असेल तर आरोग्यमित्र थांबतो. आजीचं नाव रेशनकार्डात आहे का, की लेकीकडे राहायला गेल्यावर कमी झालं, हेही पाहा. या दुरुस्त्या पुरवठा कार्यालयात होतात आणि वेळ घेतात. ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर त्या करायला घेतल्या तर उशीर झालेला असतो.

रुग्णालयात गेल्यावर पहिला माणूस आरोग्यमित्र. बिलिंग काउंटरच्या आधी त्याच्या टेबलाशी जा आणि तीनच गोष्टी विचारा. हे रुग्णालय योजनेत आहे का? याच आजारासाठी आहे का? आणि डॉक्टरांनी लिहिलेला उपचार यादीत बसतो का? रुग्णालय योजनेत असतं पण हाडांच्या विभागासाठी नसतं, असं सर्रास होतं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखलेले आहेत. तसं असेल तर आरोग्यमित्राकडून ते कागदावर लिहून घ्या आणि सिव्हिल गाठा. उपचार बसत असेल तर रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागतं. ती आली की उपचार कॅशलेस होतो. पॅकेजमध्ये, म्हणजे योजनेनं त्या उपचारासाठी ठरवलेल्या एकत्रित दरात, औषधं आणि बसवायच्या वस्तूही धरलेल्या असतात. "योजनेतून होईल, पण स्टेंट चांगला हवा तर वरचे पैसे द्या" असं कुणी सुचवलं तर सही करू नका, योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाईनवर फोन करा. मध्यरात्री इमर्जन्सीत नेलं असेल आणि कार्ड घरी राहिलं असेल, तरी "आमचा पेशंट योजनेचा आहे" हे ॲडमिट करतानाच सांगा आणि सकाळी कागद पोचवा.

धर्मादाय रुग्णालयं : जिथे खरी खिंड लढवायची

या दाराची माहिती सगळ्यात कमी लोकांना आहे, म्हणून इथे जरा थांबते.

सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली मोठी खासगी रुग्णालयं करांत सवलती घेतात आणि त्या बदल्यात गरिबांसाठी खाटा राखणं त्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेली योजना हा त्याचा पाया. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. दीडशे खाटांचं रुग्णालय असेल तर १५ आणि १५, मिळून ३०. शिवाय रुग्णालयानं निर्धन आणि दुर्बल सोडून बाकी सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवायची असते, आणि गरीब रुग्णाच्या औषधांचा, शस्त्रक्रियेचा खर्च त्यातून जातो. म्हणजे तुम्ही मागता ती भीक नाही. त्या कामासाठी काढून ठेवलेला पैसा तुम्ही त्या कामाला लावायला सांगता आहात.

वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेला निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंतचा दुर्बल. लक्षात घ्या, इथे कुटुंबाचं उत्पन्न बघतात. आजोबांची पेन्शन तुटपुंजी, पण अंबडच्या कंपनीत असलेला मुलगा त्याच रेशनकार्डावर असेल तर त्याचा पगारही मोजला जातो. हे लपवायचं नाही. तशा घरासाठी फुले योजना किंवा वय वंदनाच बरी.

कागदांत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सगळ्यात भक्कम. तो आपले सरकार सेवा केंद्रातून निघतो, पण अर्ज केल्यावर काही दिवस जातात. घरात आजारी ज्येष्ठ असेल तर दाखला दरवर्षी काढून फाईलमध्ये तयार ठेवा, अशी सवय तुमच्या संघात लावा. माझ्या मते एवढ्या एका सवयीनं जितके पैसे वाचतात तितके दुसऱ्या कशानं वाचत नाहीत.

रुग्णालयात गेल्यावर बिलिंगवाल्याशी वाद घालू नका, माफीचा अधिकार त्याच्याकडे नसतो. वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारा आणि अर्ज थेट त्यांच्याकडे द्या. अर्ज साधा असू द्या:

"मा. वैद्यकीय अधीक्षक, माझे वडील, वय ६८, यांना आपल्या रुग्णालयात दाखल केले आहे. आमचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न इतके असून तहसीलदारांचा दाखला व रेशनकार्डाची प्रत सोबत जोडली आहे. कलम ४१ कक खालील योजनेनुसार त्यांच्यावर निर्धन रुग्ण म्हणून उपचार व्हावेत, ही विनंती."

दोन प्रती काढा, एकीवर तारीख-शिक्क्यानिशी पोच घ्या. पोच मिळेपर्यंत हलू नका. एका रुग्णालयात आमच्या संघाच्या पेशंटला "आमच्याकडे अशी योजना नाही" असं काउंटरवरूनच सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, हेच अर्जावर लिहून द्या. थोड्या वेळानं समाजसेवक खाली आले आणि अर्ज घेतला. लेखी नकार द्यायला कुणीच सहज तयार होत नाही.

"खाटा भरल्यात" हे दुसरं ठरलेलं उत्तर. ते खरंही असू शकतं. तेव्हा राखीव खाटा किती, आज त्यांवर किती रुग्ण आहेत, एवढंच विचारा, आणि तब्येतीला परवडत असेल तर प्रतीक्षेत नाव लिहून घ्यायला सांगा. समाधान झालं नाही तर पोच जोडून धर्मादाय आयुक्तांच्या नाशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या. तक्रारीत राग नको. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, एवढं पुरतं.

जिवावर बेतलेलं असेल तेव्हा या कागदांची वाट बघायची नाही. इमर्जन्सीत धर्मादाय रुग्णालयानं रुग्णाला लगेच दाखल करून घेऊन जीव वाचवण्याचे उपचार द्यायचे असतात, डिपॉझिट मागायचं नसतं. गरज पडल्यास पुढे सरकारी रुग्णालयात हलवण्याची व्यवस्थाही त्यांनीच करायची. १०८ ची ॲम्ब्युलन्स मोफत आहे.

दुर्बल घटकातल्या पेशंटला आधीच सांगून ठेवा की त्याला सगळं माफ होत नाही. दर सगळ्यात खालच्या वर्गाचा लागतो, औषधं आणि बसवायच्या वस्तू रुग्णालयाच्या खरेदी किमतीत, आणि त्यांतला किमान निम्मा भाग त्याला भरावा लागतो. बाहेरून आलेल्या डॉक्टरांची फी हा वेगळा भाग. ती ते स्वतः सोडू शकतात, म्हणून त्यांना जाऊन विनंती करा. पुष्कळ डॉक्टर सोडतात.

कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचं विसरू नका

सातपूर-अंबडमध्ये आयुष्य काढलेले कितीतरी लोक आपल्या संघांत आहेत. किमान पाच वर्षं राज्य कामगार विम्यात (ईएसआय) असलेला कामगार वयोमानानुसार निवृत्त झाला असेल, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून त्याला आणि त्याच्या जोडीदाराला विम्याच्या दवाखान्याची सोय चालू ठेवता येते. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहेच. कंपनीकडून निवृत्तीचा आणि विमा क्रमांकाचा पुरावा घ्या. कंपनी बंद पडलेली असेल तर जुनी विम्याची कार्डं ट्रंकेत शोधा.

काहीच बसलं नाही तर

मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. तिथेही तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं अंदाजपत्रक लागतं. उपचार आणि डिस्चार्ज उरकून बिल घेऊन गेलात तर मदत होत नाही, म्हणून अंदाजपत्रक हातात पडल्या दिवशी अर्ज. फुले योजनेत बसणाऱ्या आजाराला हा निधी मिळत नाही, त्यामुळे आरोग्यमित्राचं "बसत नाही" हे उत्तर लेखी असेल तर इथे उपयोगी पडतं.

एकटे राहणारे, ज्यांच्यासोबत जायला कुणीच नाही अशा ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे. नंबर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या फोनजवळ चिकटवून या.

पिशवी आणि डिस्चार्ज

प्रत्येक ज्येष्ठाची एक प्लास्टिकची फाईल करा. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आयुष्मानचं कार्ड, या प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, चार फोटो, जुने केसपेपर तारखेनं लावलेले, आणि चालू गोळ्यांची यादी. मूळ कागद रुग्णालयात जमा करायचे नाहीत, दाखवून परत घ्यायचे. फाईल कुठल्या कपाटात आहे हे शेजारच्या एकाला तरी ठाऊक असू द्या.

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, रिक्षा खाली उभी असते. तरी थांबून तीन कागद घ्या: डिस्चार्ज कार्ड, मंजुरीचा कागद आणि शून्य रुपयांचं असलं तरी बिल. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये घरी गेल्यावर १५ दिवसांची औषधं धरलेली असतात. ती हातात पडली का ते गोळ्यांच्या यादीशी ताडून पाहा. ॲडमिट होण्याआधीच्या तीन दिवसांतल्या, त्याच आजाराच्या तपासण्याही पॅकेजमध्ये येतात, तेव्हा तेवढ्याची पावती असेल तर आरोग्यमित्राला तिथेच दाखवा. पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार, ते आजच ठरवा.